पेन्सिलीने लिहिलेला ‘ऑन’

परवा कॉम्प्युटरवर बोलताना धाकट्याने विचारलं, आजी, तुझ्या मागे त्या पाइपला काळं काय गुंडाळलंय, साप आहे का? मी गच्चीवर सकाळच्या उन्हात बसले होते. साप नाही रे, एवढंच म्हटलं आणि विषय सोडून दिला, कारण तिकडे तुमची झोपायची वेळ झाली होती. पण प्रश्न माझ्यापाशी राहिला.

ती केबलची वायर आहे. हातभर उरली आहे आणि तिला एक गाठ आहे. ती तिथे का राहिली हे सांगायचं तर एका चुकीबद्दल सांगावं लागेल. चूक माझी, आणि इंग्रजीतली. तुमची आई हे वाचून दाखवताना जरा थांबेल, कारण या घरात इंग्रजीच्या चुका काढण्याचं काम आजवर एकट्या माझ्याकडे होतं.

मी बीदरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. समोर कानडी घरातली मुलं, मराठी घरातली, उर्दू घरातली. सगळ्यांना इंग्रजी सारखंच परकं, त्यामुळे वर्गात भांडण नव्हतं. निवृत्त झाल्यावरही पर्समध्ये टोक केलेली पेन्सिल असायची. लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानातली पाटी, बँकेची सूचना, जिथे चूक दिसेल तिथे हात जायचा. तुमचे आजोबा म्हणायचे, हिला देवळातली घंटासुद्धा व्याकरणाने वाजलेली हवी.

आमच्या गल्लीत केबल आणली ती एका पंचविशीतल्या माणसाने. तुमचे बाबा तेव्हा हैदराबादला इंजिनिअरिंगला होते. या केबलवाल्याचं घराणं मेंढरं राखणारं. वडिलांनी कळप विकला आणि ते बीदरला मजुरीला आले. हा कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकला, रेडिओ दुरुस्त करायला शिकला, आणि एक दिवस घराच्या पत्र्यावर मोठी छत्री उभी केली. तुम्ही डिश म्हणता, तिला आमच्याकडे छत्री म्हणतात. तिथून त्याने काळ्या वायरी ओढल्या. लिंबाच्या फांदीवरून, विजेच्या खांबावरून, एका गच्चीवरून दुसरीवर. जिथे वायर बांधायची तिथे तो एक विशिष्ट गाठ मारायचा. रात्री मेंढरं कोंडायला धनगर जाळीचं कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. ही वाघरीची गाठ, ओढ बसेल तशी घट्ट होणारी. तो म्हणायचा, ‘बाप मेंढरं मोजायचा, मी टीव्ही मोजायलोय. मेंढरं बरी, रातच्याला चित्र हलतंय म्हणून ओरडत न्हाईत.’

आमच्या गावात कचेरी कानडीत, बाजार दखनी उर्दूत, आणि मराठी घरात. टीव्हीवर बंगळूरची कानडी किंवा दिल्लीची हिंदी. एक मराठी वाहिनी सुरू झाल्याचं कळलं तेव्हा हा दोन संध्याकाळी पत्र्यावर उभा राहून छत्री इंचाइंचाने फिरवत होता आणि खाली त्याची बायको ओरडून सांगत होती, आलं, गेलं, आलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत मराठी माणसं टीव्हीत बसून आपापसांत भांडू लागली. त्या वाहिनीवर एका घरातल्या माणसांची विनोदी मालिका होती, दर सोमवारी रात्री आठला. त्यातल्या आजोबांचा एक ठरलेला प्रसंग असायचा. पाहुणे आले की नेमकं घरच्या टीव्हीतलं चित्र जायचं. आजोबा उठायचे, टीव्हीला एक गुद्दा घालायचे आणि म्हणायचे, ‘आता बघ.’ आमच्याकडे गावाजवळच्या तळावरचं एअर फोर्सचं विमान डोक्यावरून गेलं की चित्र थरथरायचं. तुमचे आजोबा उठायचे, गुद्दा घालायचे, म्हणायचे, ‘आता बघ.’ एखाद्या सोमवारी चार घरांतून ते एकदम ऐकू यायचं.

मालिका संपली. तुमचे बाबा आधी पुण्याला आणि मग तिकडे गेले. तुम्ही दोघं झालात. गल्लीतल्या पुष्कळ घरांतली मुलं अशीच कुठे कुठे गेली आणि सोमवारी गुद्दे घालणारे हात म्हातारे झाले.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी वाहिनीवर एक जाहिरात दिसू लागली. मालिकेतल्या त्याच घराचं बंद दार. घंटा वाजते. कुणी उघडत नाही. पुन्हा वाजते. मग अक्षरं येतात: घरची माणसं परत येत आहेत. तेवढंच, आणि अंधार. पुढच्या आठवड्यात त्यात थोडी भर पडली. कॅमेरा हळूहळू घराच्या गच्चीवर चढायचा. तिथे काहीतरी पांढऱ्या कापडाने झाकून ठेवलेलं होतं, एखादं माणूस बसावं एवढं. झाकलेली वस्तू विनोदी मालिकेत कशाला, असं मी तुमच्या आजोबांना म्हटलं. ते म्हणाले, आजोबांचा पुतळा असेल.

केबलवाला मात्र हरखला होता. दिवाळीच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी सातला, जुनी सगळी मंडळी एकत्र येणार होती. आम्ही गणपतीचा मांडव घालतो त्या मोकळ्या जागेत पांढरा पडदा बांधून सगळ्या गल्लीला एकदम दाखवायचं त्याने ठरवलं. ही मालिका बीदरला त्याने आणली होती, तेव्हा तिचा मान त्याचाच.

त्या सुमारास एका दुपारी तो पोस्टरांची गुंडाळी काखेत मारून आला. हैदराबादहून आलेल्या एका एजंटने ती पोस्टरं टीव्हीच्या दुकानांत आणि केबलच्या ऑफिसांत सरसकट वाटली होती. वर मालिकेतल्या घराचं चित्र, मध्ये मराठीत वार आणि वेळ, आणि खाली ठळक इंग्रजी ओळ.

तो म्हणाला, ‘अक्का, खाली काय लिवलंय बघा. मोठ्या अक्षरात हाय म्हणजे महत्त्वाचं असंल.’

मी चष्मा लावून वाचलं. ‘मेक द स्विच. कम होम टु द फॅमिली.’

वाचताक्षणी मला ती ओळ खटकली. स्विच म्हणजे दिव्याचं बटण, पंख्याचं बटण. आमच्या सगळ्या गावाला स्विच एवढाच माहीत. मग त्यापुढे ‘ऑन’ हवा. ‘मेक’ कशाला? आणि ‘द’ कशाला? हा ‘द’ मी तीस वर्षं शिकवला होता. ‘द’ दिसला की थांबा, लिहिणाऱ्याच्या मनात ठरावीक एक गोष्ट आहे, ती कोणती ते शोधा, असं मी प्रत्येक वर्गाला सांगितलं होतं. त्या दुपारी मी थांबले नाही. जाहिरातवाल्यांचं इंग्रजी ते, असं मनाशी म्हणून, तो पाठमोरा बसून बाकीची पोस्टरं गुंडाळत होता तोवर पर्समधून पेन्सिल काढली. ‘मेक द’वर रेघ ओढली. ‘स्विच’पुढे बारीक अक्षरात ‘ऑन’ लिहिलं. मग त्याला अर्थ सांगितला: टीव्हीचा स्विच करा, घरच्या माणसांत या.

त्याला ते फार आवडलं. ‘स्विच करा,’ तो दोनदा म्हणाला. सोपं आहे, तिन्ही भाषांत चालेल. एक पोस्टर माझ्याकडे ठेवून गेला. मी दुरुस्त केलेलं होतं तेच. मी ते फायलीत लावलं.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षावर कर्णा बांधून त्याचा आवाज सगळीकडे फिरू लागला. मराठीत, सगळ्यांनी स्विच करा. कानडीत, एल्लारू स्विच माडरी. दखनीत, सब लोगां स्विच करो. शाळेतली मुलं ते ओरडत पळायची. मी स्वयंपाक करताना कर्णा ऐकू आला की मला बरं वाटायचं, आपल्या हातून गावासाठी काहीतरी झालं असं.

त्याच दिवसांत गल्लीत खिशावर एकच चिन्ह असलेले निळे शर्ट घातलेली दोन माणसं येऊ लागली. कुणाशी फार बोलायची नाहीत. रस्त्यात उभी राहून गच्च्यांकडे वर बघायची आणि वहीत लिहायची. एकदा आमच्या समोरच्या गच्चीवर गेली आणि छोटी होकायंत्राची डबी धरून उभी राहिली. तुमचे आजोबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. होकायंत्र दिसल्यावर त्यांना राहवेना. जाऊन विचारून आले.

दक्षिण शोधतायत, असं त्यांनी सांगितलं. कशासाठी विचारलं, तर ती माणसं हसली आणि म्हणाली, नुसता सर्व्हे आहे आजोबा. त्या संध्याकाळी केबलवाला पडद्याचं माप घ्यायला आला तेव्हा तुमच्या आजोबांनी त्याला बाजूला घेतलं. त्यांनी सांगितलं, मी उभा जन्म लोकांच्या जमिनींवर साखळ्या टाकल्या. मोजणीला माणूस येतो तेव्हा वरती ठरलेलं असतं. तू बघ कोण आहेत हे.

तो म्हणाला, बघतो साहेब, आधी रविवार होऊ दे.

रविवारी सहापासूनच बायका खुर्च्या, सतरंज्या घेऊन जागा धरत होत्या. दिवस लवकर मावळत होता. लग्नांची व्हिडिओ काढणाऱ्याकडून त्याने पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र आणलं होतं. सगळ्यांच्या मागे, वायरींच्या जुडग्याजवळ, वडिलांची घोंगडी अंथरून तो बसला. मला त्याने त्याच्या शेजारी खुर्ची दिली. ‘वाचणाऱ्या मानसाला पुढं कामून, मागं बसा,’ म्हणाला. कामून म्हणजे कशाला.

पडद्यावर दार आलं. घंटा वाजली. या वेळी ते उघडलं. सगळी माणसं थोडी जाड, थोडी पांढरी होऊन आत आली आणि आमच्यातल्या कितीजणींनी पदर डोळ्याला लावला. आजोबांचं काम करणारा नट आता खरोखरच आजोबा झाला होता. मालिकेतली आजी नव्हती, वारली होती. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. सगळे फोटोपुढे उभे राहिले, संगीत थांबलं. तेव्हा मी पाहिलं, फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटं निळं चिन्ह होतं. गल्लीत हिंडणाऱ्या त्या दोन माणसांच्या शर्टांवर होतं तेच. अजून नुसतं चिन्हच होतं.

मग पाहुणे आले आणि चित्र गेलं. आमच्या जागेत हशा उसळला. आजोबा उठले. पण गुद्दा घालण्याआधीच दारातून एक माणूस आत आला, खांद्यावर शिडी, गळ्यात काळ्या वायरीचं वेटोळं, ओठात तार. केबलवाला. मालिकेत पूर्वी हे पात्र नव्हतं. तो शिडीवरून घसरला, वायरीत अडकला, खुर्चीवर पडला, आणि त्याच्या पडण्यावर मागून रेकॉर्ड केलेला हशा आला. आमचे लोकही हसले. माझ्या शेजारी आमचा केबलवालाही हसत होता. आपलं माणूस पडद्यावर आलं म्हणून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

परदेशातून आलेली मालिकेतली लेक म्हणाली, बाबा, चला वर. सगळे गच्चीवर गेले. पांढरं कापड ओढलं गेलं. खाली छोटी, राखाडी, परातीएवढी छत्री होती, वाहिनीच्याच कंपनीची. शिडीवाल्याला कुणीतरी म्हणालं, तुमची शिडी घेऊन जा, आता गरज नाही. तो शिडी घेऊन गेला, मागे वायर फरफटत. पुन्हा तो हशा. आजोबा टीव्हीपुढे आले, मूठ उगारली आणि तशीच थांबवली, कारण चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. मग ते आमच्याकडे वळले.

‘आम्ही स्विच केलं. तुम्ही कधी करताय?’

तो ‘द’ मला तेव्हा कळला. बटण दाबणं नव्हे. एक सोडून दुसरं धरणं. ठरावीक एकच गोष्ट सोडायची होती आणि ती माझ्या शेजारी घोंगडीवर बसली होती.

खाली टेलिफोनचा नंबर सरकू लागला. पुढून कुणीतरी मुलीला म्हणालं, लिहून घे गं. एकेक डोकं मागे वळत होतं. त्याचा हात वायरींच्या जुडग्यावर होता. एक पिन ओढली असती तर पडदा पांढरा झाला असता. मी वाकून म्हटलं, बंद कर.

तो पडद्याकडेच बघत होता. ‘लोक बघायलेत, अक्का.’

शेवटपर्यंत त्याने ते चालू ठेवलं. पुढचा अर्धा तास ती माणसं आठवणी सांगत होती आणि दर आठवणीनंतर तो नंबर येत होता. संपल्यावर खुर्च्या उचलताना गल्लीतला गिरणीवाला त्याला म्हणाला, ‘महिनाभर तूच बोंबलत हिंडलास की, स्विच करा, स्विच करा. आता करायलोत बाबा, तुझं ऐकून.’ सगळे हसले. वाईट मनाने कुणी हसलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. तोही हसला आणि पडद्याची दोरी सोडू लागला.

दिवाळीत निळे शर्ट पुन्हा आले, या वेळी ड्रिल घेऊन. आधी गिरणीवाल्याच्या गच्चीवर एक छत्री बसली, मग कोपऱ्यावर दोन. संक्रांतीपर्यंत आमच्या गच्चीवरून बघितलं तर घरोघर त्या राखाडी पराती दिसत. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, दक्षिणेकडे, जरा पूर्वेला कललेली. आपल्याकडे मेलेल्या माणसाचे पाय त्या दिशेला करतात. मी संध्याकाळी गच्चीवर जाणं सोडलं. काळ्या वायरी अजून होत्या, पण एकेक सैल होऊन लोंबू लागली होती. उन्हाळ्यात ती मराठी वाहिनी केबलवर दिसेनाशी झाली. त्याने कंपनीला हात जोडले, काही झालं नाही. वाहिनी गेली तशी उरलेली घरंही गेली.

या सगळ्या महिन्यांत मी त्याला माझी चूक सांगू शकले असते. तो रस्त्यात भेटायचा, तब्येत विचारायचा. आज नको, उद्या सांगू, असं करत राहिले. चूक दुरुस्त करायची मला सवय होती, कबूल करायची नव्हती.

तुमच्या बाबांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिकडून परस्पर छत्री बुक केली. मी नको म्हणायला हवं होतं. पण तुमच्या आजोबांना मराठी ऐकल्याशिवाय जेवण जात नव्हतं, आणि मी नको म्हटलं नाही.

बसवायला कोण येणार हे आम्हाला माहीत नव्हतं. दार उघडलं तर तोच होता. निळा शर्ट, खांद्यावर ड्रिलची पेटी. त्याने माझ्याकडे न बघता चपला काढल्या. मग खिशातून घडी घातलेले कागद काढले. छत्र्या बसवण्याचं काम घेताना कंपनीने दिलेला करार, सही करून संध्याकाळी द्यायचा होता. ‘तुमच्याशिवाय कुनाला वाचायला देऊ, अक्का?’ म्हणाला.

मी पेन्सिल घेतली नाही. ओसरीवर बसून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, एकेका वाक्याचं मराठी केलं, जिथे मला नक्की कळलं नाही तिथे कळलं नाही म्हटलं. तो उकिडवा बसून ऐकत होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की तो कंपनीचा नोकर नाही, आणि काहीही कारण न देता, आगाऊ न कळवता त्याचं काम थांबवता येईल. ते मी दोनदा वाचलं. सही करू नकोस, असंही म्हटलं.

‘आज अजून पाच घरं हायत,’ तो म्हणाला, आणि कानडीत सही केली.

मग मी आत जाऊन फाइल आणली. ते पोस्टर त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. ओढलेली रेघ दाखवली. ‘ऑन’वर बोट ठेवलं.

त्याने कागद उजेडाकडे धरला. ‘हे तुम्ही लिवलेलं? मला वाटलं, छापूनच तसं आलंय.’ मग कागद माझ्याकडे सरकवला. ‘आता कामून सांगितलंत, अक्का?’

त्याने चिडून विचारलं असतं तर मला काहीतरी सुचलं असतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तो वर गेला. तुमच्या आजोबांनी त्याला दिशा दाखवली, त्याने छत्री बसवली, चित्र आलं. आजोबांनी गुद्द्यासाठी हात वर केला नाही. मग त्याने पक्कड काढून आपली जुनी वायर कापून गुंडाळली. पाइपवरची गाठ मात्र सुटेना. इतकी वर्षं ओढ बसून ती पाइपला रुतली होती. त्याने दातांनीही प्रयत्न केला. ‘बाप एका हाताने सोडायचा,’ म्हणाला, आणि राहू दिली.

पुढच्या पावसाळ्यात चित्र गेलं तेव्हा दुसराच माणूस आला. आधीचे सगळे काढले, म्हणाला. आपला केबलवाला बायको-मुलांना घेऊन पहाटेच्या हैदराबादच्या बसने गेल्याचं मला गिरणीवाल्याकडून कळलं. हैदराबादला कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

कालपासून गल्लीत नवी माणसं फिरतायत, या वेळी पिवळे शर्ट. ती वर बघत नाहीत. खाली बघतात, रस्त्याच्या कडेला चुन्याने रेघा मारतात. तुमचे आजोबा विचारून आले. नुसता सर्व्हे आहे म्हणाले. घरोघर एक इंग्रजी कागद वाटलाय. शेजारीण आत्ताच तो घेऊन आली, गॅसवर दूध ठेवून आलेली, दारातच उभी.

‘काय म्हणायलेत, तेवढं थोडक्यात सांगा की.’

मी तिला म्हटलं, आधी दूध उतरवून ये आणि मग बस. वेळ लागेल.